विहीणबाईंची अमेरिका

माझ्या नातवाची बायको अमेरिकन आहे. लग्न तिकडेच झालं, ते आम्ही मोबाइलवर पाहिलं. पुढच्या हिवाळ्यात दोघं जुन्नरला आली ती देवाच्या पाया पडायला आणि भावकीला जेवण घालायला. येताना नातसुनेनं आपल्या आजीलाही सोबत आणलं. त्यांचे यजमान नुकतेच वारले होते. एवढ्या मोठ्या घरात एकट्या बसून काय करतील, म्हणून आणलं. नात्यानं त्या माझ्या नेमक्या कोण लागतात यावर भावकीत बरीच चर्चा झाली. मी सरळ ‘विहीणबाई’ म्हणायला लागले. त्या मला घरातल्या सगळ्यांसारखं ‘अक्का’ म्हणायच्या, फक्त त्यांच्या तोंडून ते ‘आका’ असं यायचं.

वयानं मी त्यांच्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. अंगानं त्या उंच, हाडापेरानं मजबूत, आणि हात मात्र माझ्यासारखेच, कामानं वाकडे झालेले. ते हात बघून मला पहिल्याच दिवशी जरा नवल वाटलं. अमेरिकेतल्या बाईचे हात असे कशाला असतील, असं माझ्या मनात आलं.

आमचा मळा जुन्नरच्या बाहेर, कडेला ऊस. दिवस मावळला की बिबट्याच्या धाकानं कुणी अंगणात रेंगाळत नाही, दारं लावून सगळे आत. त्यामुळं संध्याकाळी आम्ही दोघी पुढच्या खोलीत हरभऱ्याचे घाटे सोलत बसायचो. टीव्हीवर हिंदी मालिका लागलेली असायची. विहीणबाईंना शब्द कळत नसे, पण कोण कुणाचं वाईट करायला टपलंय हे त्या माझ्या आधी ओळखायच्या आणि त्या बाईकडं बोट दाखवून मान हलवायच्या. नातसून मध्ये बसून आमचं बोलणं इकडून तिकडं करायची. पोरगी नातवाकडून मराठी शिकलीय. अडखळते, पण खोटं भाषांतर करत नाही. येत नसेल तर ‘थांबा’ म्हणते आणि नवऱ्याला हाक मारते.

बाजाराच्या दिवशी मी त्यांना जुन्नरला घेऊन गेले. त्या प्रत्येक गोष्टीचा भाव विचारायच्या. कोथिंबीर केवढ्याला, खराटा केवढ्याला, एसटीचं तिकीट केवढं. घेणार काही नाहीत, पण भाव पाहिजे. घरी आल्यावर मी नातसुनेला विचारलं, तुझ्या आजीला या भावांचं काय करायचंय? ती हसली. म्हणाली, आजी तिकडंही असंच करते, आणि मग तिच्या लहानपणी काय भाव होता ते सांगते.

मग काय, त्या संध्याकाळी मीच विषय काढला. मी म्हटलं, सांगा तुमच्याकडचे भाव. विहीणबाई खुलल्या. साठ सालानंतरची चार-दोन वर्षं, त्या तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या. पाव वीस-बावीस सेंटला, पत्राचं तिकीट चार सेंट, सिनेमाला पाऊण डॉलर. उन्हाळ्यात मैदानावर भला मोठा पडदा लावायचे आणि लोक आपापल्या मोटारीत बसून सिनेमा बघायचे. त्यांच्याकडं मोटार नव्हती, म्हणून ही भावंडं शेजारच्या टेकडीवर बसून फुकट बघायची. चित्र दिसायचं, आवाज यायचा नाही. कोण काय बोललं असेल ते आपणच ठरवायचं.

मी म्हटलं, आमच्याकडं तंबूतला सिनेमा यायचा, आणि आम्हीसुद्धा कनातीच्या फटीतून बघायचो. फरक इतकाच की आम्हाला आवाज यायचा, चित्र अर्धंच दिसायचं. मग मी आमचे भाव सांगितले. चहा दहा नव्या पैशांना. नवे पैसे येऊन काही वर्षं झाली होती, तरी माणसं आण्यातच बोलायची, आणि चार आण्यांचे पंचवीस हे ठीक, पण एका आण्याचे सहा की सव्वासहा यावरून दुकानात रोज वाद. हे विहीणबाईंना इतकं आवडलं की त्यांनी ते नातसुनेकडून परत सांगून घेतलं.

असं बोलता बोलता मी शाळेतल्या दुधाची गोष्ट काढली. माझं माहेर शिनोलीच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या रस्त्यावर. तिथं भात आणि नाचणी. दूधदुभतं फार कुणाकडं नव्हतं. शाळेत अमेरिकेची दुधाची पावडर यायची. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात ती ढवळायचे आणि आम्ही पोरं घरून आणलेले पेले घेऊन रांगेत उभी राहायचो. त्याला एक उग्र वास असायचा. गुठळ्या तशाच राहायच्या. कुणी नाक मुरडलं की गुरुजी म्हणायचे, पोरांनो, अमेरिकेतल्या मुलांकडं दूध इतकं आहे की त्यांना पिऊन संपत नाही, म्हणून तुम्हाला पाठवलंय. मी मनात त्या मुलांचं चित्र काढलं होतं. गोरी, गुबगुबीत, केसांत रिबिनी, आणि प्रत्येकाच्या समोर दुधाची घागर. मला त्यांचा राग यायचा नाही. फक्त वाटायचं, एकदा त्यांच्या घरी जावं.

नातसून हे सांगत होती आणि विहीणबाईंच्या हातातला घाटा तसाच राहिला होता. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. त्या नातसुनेशी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. नातसून त्यांच्याकडं बघतच राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “अक्का, ती म्हणते, तीच पावडर आमच्या घरी पण येत होती. फुकटची. सरकारची.”

मला आधी समजलंच नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. विहीणबाईंचं गाव डोंगरातलं, कोळशाच्या खाणींचं. वडील खाणीत. पुढं खाणीत यंत्रं आली, माणसं कमी केली, आणि त्यात त्यांचे वडील घरी बसले. गावातले निम्मे पुरुष असेच घरी. सरकार महिन्यातून एकदा आगीच्या बंबाच्या शेडमध्ये धान्य वाटायचं: पीठ, मक्याचा रवा, शेंगदाण्याचं लोणी आणि खाकी पुड्यातली दुधाची पावडर. तिच्या तशाच गुठळ्या व्हायच्या. आई त्यात थोडा कोको घालून ती लपवायची. रांगेत उभं राहताना आई डोक्यावरचा रुमाल पुढं ओढून घ्यायची, कुणी ओळखू नये म्हणून. विहीणबाई म्हणाल्या, पण रांगेत सगळे शेजारीच असायचे, आणि सगळ्या बायांचे रुमाल असेच पुढं ओढलेले.

इतकी वर्षं मी त्या घागरीवाल्या मुलांना मनात सांभाळलं होतं. मी विहीणबाईंच्या हातांकडं बघितलं. मग मी उठून चहा केला. दुसरं काय करणार?

त्यानंतर आमच्या गप्पा बदलल्या. आधी आम्ही पाहुण्यासारख्या बोलायचो, गमतीचं तेवढं सांगायचो. आता त्या घरातलं बोलू लागल्या. वडील खाण सुटल्यावर बोलायचेच बंद झाले होते. मागच्या पडवीत खुर्ची टाकून डोंगराकडं तोंड करून बसायचे. जेवायला हाक मारली तर ताट तिकडंच मागायचे. पोरांना ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत, पण जवळही घ्यायचे नाहीत. घरात एक जुना टीव्ही होता, मोटारीच्या कारखान्यात कामाला गेलेल्या चुलत्यानं दिलेला. संध्याकाळी आई आणि पोरं त्याच्यासमोर बसायची. वडील पडवीतच.

एका संध्याकाळी टीव्हीवर बातम्यांत कुठल्यातरी मोठ्या माणसाची अंत्ययात्रा दाखवत होते. मला एकदम आठवलं आणि मी म्हटलं, तुमच्या अध्यक्षाला गोळी घातली तेव्हाचं मला आठवतंय. त्याच वर्षी उन्हाळ्यात माझं लग्न झालं होतं. पंधराची होते मी. सकाळी सासरे जुन्नरच्या बाजारपेठेतून आले. तिथं हॉटेलातल्या रेडिओवर त्यांनी ऐकलं होतं. दारातूनच म्हणाले की अमेरिकेचा राजा मारला. सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. अमेरिका कुठं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, लेकरं किती? सासरे म्हणाले, दोन, बारकी हायेत. सासूबाईंचे हात थांबले. त्या म्हणाल्या, “त्या बाईजवळ आता कोण बसलं असंल?” बस, इतकंच. मग भाकरी तव्यावर टाकली. पण त्या दिवशी त्या मला एकदाही टोचून बोलल्या नाहीत, म्हणून तो दिवस माझ्या लक्षात राहिलाय.

नातसुनेनं हे सगळं नीट सांगितलं. विहीणबाईंनी हातातले घाटे खाली ठेवले. टीव्ही मी बंद केला. मग त्या बोलायला लागल्या, माझ्याकडं न बघता.

शाळेत वर्गातल्या भोंग्यावरून सांगितलं, म्हणाल्या. बाई फळ्याकडं तोंड करून रडल्या. पोरांना लवकर सोडलं. मी घरी आले तर आई इस्त्री हातात घेऊन टीव्हीसमोर उभी. आणि वडील पडवीतून आत आले होते. कोट घातलेला तसाच, खाली जमिनीवर बसलेले. ते मला बघून सरकले आणि शेजारी जागा केली. टीव्हीवर दुसरं काहीच नव्हतं. नाच नाही, गाणं नाही, जाहिराती नाहीत. सोमवारी अंत्यसंस्कार होईपर्यंत हेच. सगळा देश टीव्हीसमोर बसला होता, तसे आम्हीही बसलो. आईनं सरकारी पिठाच्या जाड पोळ्या केल्या, त्या आम्ही तिथंच खाल्ल्या. वडील मध्येच काही सांगायचे. त्यांचे वडील वारले तेव्हा बर्फ किती पडलं होतं, खड्डा खणायला किती माणसं लागली होती. मी त्यांच्या मांडीवर पाय ठेवले तर त्यांनी ते तसेच राहू दिले.

  मग विहीणबाई जे बोलल्या ते सांगताना पोरीचा आवाज बदलला.

“ती म्हणते, सगळे रडत होते, आणि मी देवाला सांगत होते की हे संपू देऊ नको. मला इतका आनंद कधी झाला नव्हता. ती म्हणते, हे मी माझ्या नवऱ्याला पण सांगितलं नाही.”

मंगळवारी टीव्हीवर नेहमीचे कार्यक्रम सुरू झाले. पुढच्या आठवड्यात वडील चुलत्याकडं मोटारीच्या कारखान्यात कामाला गेले. पैसे पाठवायचे, नाताळला यायचे. पण घर मोडल्यासारखं झालं ते झालंच. शहरात आईला करमेना आणि गावात वडिलांना काम नव्हतं. पुन्हा सगळे एका खोलीत असे कधी बसलो नाही, म्हणाल्या. आणि मला साठ वर्षं वाटत आलंय की मी त्या माणसाच्या मरणावर माझं सुख मागितलं.

मला इंग्रजी येत नाही. पण हे उत्तर मला नातसुनेवर सोडायचं नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि मराठीतच बोलले.

“विहीणबाई, तुमी लेकरू व्हतात. बाप घरात येऊन बसला तर लेकराला सणच वाटणार. त्यात पाप कसलं? मेलेल्या माणसाला पण लेकरं व्हती. त्याला कळलं असतं.”

नातसुनेनं सांगितलं तेव्हा त्या रडल्या. मोठ्यानं नाही. डोळे पुसत राहिल्या आणि पुसता पुसता हसल्या. नातसून उठून त्यांच्या पायाशी जाऊन बसली. आजी खाणकामगाराची पोर हे तिला माहीत होतं, पण ही रांग, ही पावडर, हे काहीच तिला ठाऊक नव्हतं. तिच्या आईलाही नसावं. म्हणाली, आमच्या घरात गरिबीचं कुणी बोलत नाही.

महिनाभरानं ती तिघं परत गेली. जाताना विहीणबाईंनी एक पाटा-वरवंटा बघून ठेवला होता, पण विमानात वजन चालत नाही म्हणून नातवानं नाही म्हटलं. त्या हिरमुसल्या. मी त्यांना खराटा दिला. तो त्यांनी सुटकेसमध्ये तिरपा बसवला.

आता रविवारी व्हिडिओ फोन येतो. सुरुवातीला नुसतं बघून हसायचो. मध्यंतरी नातसून म्हणाली, आजी तुम्हाला काहीतरी सांगणार आहे, ती बरेच दिवस वाट बघतेय. विहीणबाईंना एक धाकटी बहीण आहे, लांबच्या दुसऱ्या राज्यात, दोघींचं येणं-जाणं जवळजवळ तुटलेलं. आई कुणाकडं राहिली आणि कुणाकडं नाही, यावरून काहीतरी. इथून गेल्यावर विहीणबाईंनी तिला फोन केला आणि विचारलं, त्या दिवसांतलं तुला काय आठवतं? बहीण तेव्हा सहा-सात वर्षांची. तिला अध्यक्ष आठवेना, अंत्ययात्रा आठवेना. तिला एवढंच आठवत होतं की वडील टीव्हीसमोर कोट घालूनच झोपी गेले होते, आणि तिनं आणि ताईनं मिळून त्यांच्या अंगावर पलंगपोस टाकला होता. त्यांच्या पायात बूट होते, ते काढायचे की नाही यावर दोघी कुजबुजत भांडल्या होत्या.

हे विहीणबाई साफ विसरल्या होत्या. दोघी फोनवर तासभर बोलल्या, आणि आता दर आठवड्याला बोलतात.

यंदाच्या थंडीत दोघी मिळून यायचं म्हणतायत. धाकटीचे गुडघे गेलेत, तिला जुन्नरला झेपेल का, असं नातू विचारत होता. मी म्हटलं, खालची खोली मोकळी आहे, जिना चढायला नको. या म्हणावं.