एक घोडा, दोन माणसं आणि जेसल पार्कातला हॉल

आमच्या सिनेमा-ग्रुपचे किस्से इतके साठलेत की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच तोंड घालतो. आणि कुठलाही आठवला तरी माझं डोकं तापतं!

आमचा गुन्हा काय? जेसल पार्कातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी आम्ही वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचे सिनेमे बघतो. धाडधाड गोळीबाराचे नव्हेत, कमी बजेटचे. ओसाड माळ, एक घोडा, दोन माणसं आणि 'आपण इथे का आहोत?' हा प्रश्न. सेट नाही, गर्दी नाही, त्यामुळे दिग्दर्शकाला लपायला जागाच नसते. मला तेच आवडतं.

*

पहिल्याच रविवारी शेजारच्या शहाबेन आल्या. अर्धा सिनेमा बघितला. मग म्हणाल्या, "भाई, इतना जगह खाली पडा है, और ये दोनों एक पत्थर के लिए झगडता है?"

"अहो, हीच तर स्टोरी आहे!" मी ओरडलो.

*

ऑफिसातला एकजण म्हणाला, "एवढ्याशा बजेटमध्ये कसला रे पिक्चर?"

मी म्हटलं, "तुझ्या लग्नाच्या व्हिडिओत ड्रोन होता ना? तुझ्या चेहऱ्यावरची भीती दिसली का कुणाला?"

*

प्रोजेक्टर शिरीष सांभाळतो. एका सिनेमाच्या दोन फाइल्स होत्या. पठ्ठ्याने दुसरी आधी लावली. कुणाच्या लक्षातही आलं नाही! सोमवारी त्याने हसत हसत सांगितलं. मी भयंकर संतापलो. शहाबेनना मी फ्लॅशबॅकचं सौंदर्य समजावून सांगितलं होतं!

*

तळमजल्यावरचे म्हात्रेकाका मूळचे जवळच्याच मुर्धा गावचे. तिथे त्यांचं मिठागर होतं, आता तिथे टॉवर उभा राहतोय. काका एकही रविवार चुकवत नाहीत आणि कधी अर्थ विचारत नाहीत. एकदाच आवाज चढवला. हिरो मरणाच्या शोधात तडक वाळवंटात निघाला, तेव्हा.

"आदी घोड्याला पानी दाखव! मंग मर कुठं मरायचं त्ये!"

*

शेवटी सेक्रेटरी सावंत म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून हॉल झुंबा डान्सच्या क्लासला. तुमच्या पिक्चरमध्ये काहीच होत नाही, लोक झोपतात."

"डीजे चालतो, आणि आमची शांतता खुपते?" मी भांडलो, पण उपयोग झाला नाही. काका नुसते खाली बघत राहिले. रविवारी दुसरं कुठे जाणार ते?

त्या शेवटच्या रविवारी सावंत स्वतःच प्रोजेक्टर बंद करायला आले. पडद्यावर एक म्हातारा पडक्या घरासमोर खुर्ची टाकून बसला होता. संवाद नाही, संगीत नाही, नुसता वारा. सावंतांचं बोट बटणावर.

"हा कोणाची वाट बघतोय?" त्यांनी विचारलं.

म्हात्रेकाका मान न वळवता म्हणाले, "कुनाची न्हाय. जागा त्याची हाय. सोडवत न्हाय त्याला."

सावंतांनी बटणावरचं बोट काढलं. मग एक खुर्ची ओढून काकांशेजारी बसले.

थोड्या वेळाने सावंतच खेकसले, "अरे, तो पंखा बंद करा कुणीतरी! वारा ऐकू येत नाहीये!"