साडूभाऊंचे ठिपके

देवाने माणसं घडवली, त्यांची लग्नं लावली, भांडणं लावली, ती केवळ कॉम्प्युटरवर ठिपके मांडता यावेत म्हणून, अशी अमरावतीच्या आमच्या साडूभाऊंची पक्की समजूत आहे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात. घरी प्रत्येक नातेवाईक म्हणजे एक ठिपका; ज्यांचं एकमेकांकडे जाणंयेणं, त्यांच्यात रेघ. सोयरीक जुळली की नवी रेघ, अबोला धरला की पुसली. मग एका ठिपक्याला रंग द्यायचा, म्हणजे एखादी नवी रीत तिथून सोडून द्यायची, आणि ती कुठवर पसरते ते चहा थंड होईस्तोवर बघत बसायचं. माझी मेहुणी होती तोवर ओरडून त्यांना जेवायला तरी उठवायची. ती गेली, आणि दर सुट्टीला हे लचांड अकोल्याला आमच्या गळ्यात येऊ लागलं.

बरं, घरात काय ते करावं ना! पण नाही. माणसं जेवत असोत की रडत असोत, यांचा प्रश्न एकच: "हे तुमी कोनाकडून शिकले?" एका तेरवीला आचाऱ्याला असं धरून बसवलं की वांग्याची भाजी करपली आणि आख्ख्या पंगतीने वरणभातावर भागवलं.

धामणगावच्या एका लग्नात तर कहरच केला. विहीणबाई पानावर बसण्याआधी नवरीच्या मावशीने त्यांना गिला वडा, म्हणजे दहीवडा, भरवायचा असतो, "जुनी रीत आहे आपली," असं गंभीर चेहऱ्याने सांगून मोकळे! सगळं मनाचं. कुठवर जाते ते बघायचं होतं म्हणे. जुनी म्हटल्यावर विचारतो कोण? विहीणबाईंच्या शालूवर दही सांडलं, तरी सगळे माना डोलावत होते.

पुढे माझ्या मुलीच्या लग्नाची बैठक आमच्याकडे बसली. सगळं जुळलं होतं. तेवढ्यात मुलाची तिवशाची आत्या म्हणाली, "आमच्यात विहिणीले गिला वडा भरवा लागते. आजेसासूपासून चालत आलं."

साडूभाऊ टुणकन उठले. "पसरली! अवो, हे त मीच सोडली होती, धामणगावात!"

"म्हंजे आमी खोटं बोलून राह्यलो?" आत्याबाई उठल्या. त्यांच्यामागे सगळी मंडळी उठली. त्यांना फाटकातून परत आणताना माझी जी गत झाली ती माझी मला ठाऊक. पोरगी आत रडत होती. लग्न कसंबसं वाचलं. मी साडूभाऊंना हात जोडले, "लग्नाला येऊ नका. उपकार होतील." ते "बरं" म्हणाले आणि एसटी धरून निघून गेले.

पत्रिका वाटायला अमरावतीला गेलो, तेव्हा त्यांच्या गल्लीत शिरायचं नाही असं ठरवलं होतं. बायकोने घरून निघताना त्यांच्या नावाची पत्रिका गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली होती. शिरलो.

ते कॉम्प्युटरपुढेच. "आज तिचा ठिपका काढला," म्हणाले. "गेलेलं मानूस ठेवलं त उत्तर चुकते. तुमच्या घराशी माही रेघ तिच्यातूनच होती. तुमी येऊ नका म्हटलं ते बरोबरच आहे. गणितबी तेच सांगून राह्यलं."

असा संताप आला मला! "गणित घाला चुलीत! पोरीची मावशी नाही मांडवात, आता मावसाही नको?"

त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "पन रेघ काढू कोठून?"

"माझ्यापासून काढा. सरळ."

त्यांनी माझा ठिपका शोधायला घेतला. तो काही सापडेना. सापडणार कसा? चष्मा काढून हातात धरला होता, आणि डोळे वाहत होते.