अक्काचा डावा अंगठा आणि मेदकचं चर्च

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की, बहात्तरच्या मोठ्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी पेडगावच्या आमच्या घरातील चार असामी तेलुगू मुलखातलं मेदकचं प्रसिद्ध चर्च पाहण्यास गेल्या होत्या, आणि चर्च पाहणं हा त्यांचा हेतू मुळीच नव्हता.

हेतू होता अक्काचं लग्न. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण; मी सगळ्यांत धाकटी, तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांची. मुलगा मेदकला एका दवाखान्यात कंपाउंडर होता. मूळचा आमच्याच भागातल्या वालूरचा, आमच्यासारखाच बौद्ध घरातला, आणि त्याला रजा मिळत नव्हती. आता मुलगी घेऊन मुलाच्या दारात जायचं म्हणजे गावाला दोन वर्षं पुरेल एवढा विषय. पोरगी दाखवत हिंडले म्हणे, पाटीतल्या वांग्यासारखी. म्हणून मुलाच्या चुलत्यानं पत्रातून तोड काढली. तुम्ही चर्च बघायला या, आम्हीही सहज तिथं येतो. कुणी कुणाच्या घरी जायचं नाही. जमलं तर जमलं, नाहीतर चर्च पाहून झालंच.

अडचण एकच होती. अक्काच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं होतं, मधोमध चिरलेलं. दुष्काळात माय आणि अक्का रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. एकदा हातोडा दगडाऐवजी अंगठ्यावर बसला, आणि ते नख पुन्हा सरळ आलंच नाही. आदल्या वर्षी पोखर्णीचे पाहुणे आले, त्यांनी अंगठा बघितला, अर्धा चहा तसाच ठेवला आणि चार दिवसांनी निरोप धाडला, ‘खडीवरची पोरगी आमाला करायची न्हाई.’ वडील आम्हाला नव्हतेच. माझा भाऊ, दादा, त्या दुष्काळात परभणीला मास्तरकीचं शिकत होता, या दोघींच्या खडीवर. आता तो मास्तर झाला होता, आणि खडी हा शब्द घरात काढायला बंदी होती.

गाडीत बसल्या बसल्या दादानं हुकूम सोडले. अक्कानं डावा हात पदराखाली ठेवायचा. मी तिच्या डाव्या अंगाला चिकटून चालायचं, काही झालं तरी जागा सोडायची नाही. मायनं बोलायचंच नाही.

“आन् कुणी इचारलं तर?” माय म्हणाली.

“हसायचं.”

“मला हसलं की खोकला येतो.”

“मग खोक.”

कामारेड्डीला उतरून बसनं मेदकला पोचलो. चर्चचा मनोरा लांबूनच दिसायला लागला आणि आमच्या माना वर झाल्या. एवढा उंच, एवढा दगड. मायनं खालून वरपर्यंत पाहिलं, मग वरून खालपर्यंत पाहिलं आणि दादाच्या कानाला लागली. “हात जोडायचे का न्हाई इथं?”

“न्हाई. नुसतं बघायचं.”

पायरीशी चपला काढताना चुलते आणि मुलगा भेटले, अगदी अचानक. “अरे, तुम्ही इकडं कुठं?” चुलते म्हणाले. दादा म्हणाला, “सहज. चर्च बघायला.” हे दोघंही इतकं वाईट नाटक करत होते की मला अक्काच्या पाठीत तोंड खुपसावं लागलं.

मुलगा बारीक, नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट. तो अक्काकडे बघत नव्हता, म्हणजे फार प्रयत्न करून बघत नव्हता. आत शिरलो. गार फरशी, दोन्हीकडे उंच खांब, वर टोकाला जुळत गेलेल्या कमानी. पावलांचा आवाजसुद्धा मोठा व्हायचा, म्हणून सगळे कुजबुजत होते. चुलते पुढं, दादा त्यांच्या बरोबर, मागं माय, मग अक्का, आणि तिच्या डाव्या बाजूला पहारेकरी मी. पदराखालचा हात मला घामेजलेला लागत होता.

“हे सगळं पन्नास वर्षांमागच्या दुष्काळात उभं राहिलं,” चुलते खांबावर हात ठेवून म्हणाले. “लोकांच्या पोटाला काम पाहिजे म्हणून. त्यांनीच दगड वाहिले, त्यांनीच घडवले.” मग सहज विचारल्यासारखं, “आत्ताच्या दुष्काळात तुमच्याकडं बी लय हाल झाले म्हणे. मास्तर, तुमच्या घरच्यांना तर जावं लागलं नसंल कामावर?”

माय खोकली.

“छे,” दादा म्हणाला. “आम्ही नोकरदार माणसं.” त्याचा कान मागून लाल झालेला मला दिसला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं, आणि इथं मी माती केली. समोरच्या मोठ्या खिडकीतल्या काचांतून ऊन आलं आणि फरशीवर लाल, निळा, पिवळा असा रंग सांडला. मी तो हातावर घ्यायला पहारा सोडून धावले. पुढच्या पायरीला ठेच लागली, तोल गेला, आणि अक्कानं झेप घेऊन मला दंडाला धरलं. डाव्या हातानं.

आम्ही दोघी त्या रंगात उभ्या. बाकी सगळं निळं-लाल, आणि अंगठ्याचं नख मात्र काळं ते काळंच. अक्काला हात मागं घेता येईना, मी पडले असते. मुलगा दोन पावलं पुढं आला आणि पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

“हातोडा लागला होता?”

कंपाउंडर तो, त्याला काय शिकवायचं.

“दार लागलं,” दादा मागून घाईनं म्हणाला. “घरचं दार. जड आहे.”

मुलानं दादाकडं पाहिलं. चुलत्यांनी मुलाकडं पाहिलं. अक्का फरशीकडं बघत होती, आणि तिची बोटं माझ्या दंडात अशी रुतली होती की पुढं तीन दिवस खुणा राहिल्या. पोखर्णीचा तो अर्धा चहा मला डोळ्यापुढं दिसायला लागला.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण शेवटचा शब्द मायचा आहे आणि तिच्यानंतर बोलायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. माय बोलली आणि मुलगा हसला. मग चुलते इतक्या मोठ्यानं हसले की एक म्हातारा राखणदार येऊन तेलुगूत रागावून गेला. बाहेर पायरीवर बसून चुलत्यांनी सांगितलं की त्यांची बायकोही त्याच दुष्काळात वालूरच्या तलावाच्या कामावर माती वाहत होती, आणि हे ते आजवर कुणाला बोलले नव्हते. त्याच उन्हाळ्यात अक्का मेदकला नांदायला गेली. दादा मात्र येताना कामारेड्डीपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसला. मग एका स्टेशनवर खाली उतरला, भजी घेऊन आला आणि पहिली पुडी मायच्या हातात दिली.

तर पुन्हा चर्चमध्ये, दादाच्या त्या दारापाशी. माय मघापासून त्या खांबांकडं, कमानींकडं बघत होती, आणि तिचा खोकला केव्हाच थांबला होता. ती बोलली ते कुजबुजून नाही, शेतातल्या आवाजात, आणि कमानींनी ते दोनदा ऐकवलं.

“दार कशाचं आलंय, आमी दोघी बी खडीवर व्हतो. पर ह्यांच्या दुष्काळात बघा काय उभं ऱ्हायलं, आन् आमी फोडलेल्या खडीचा ढीग पेडगावच्या रस्त्याला अजून तसाच पडलाय, कुणी उचलला बी न्हाई.”