इंग्लंडचा नवा मुकादम

जगातल्या कुठल्याही लढाईचा निकाल तिसगावच्या चहाच्या टपरीवर बसून सांगणारा माणूस एकच, आणि ते माझे सख्खे मामा, हे मी अभिमानाने सांगतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा पहिला मी. पण माझ्या बी.ए.चा मामांना उपयोग एवढाच, की पेपर मोठ्याने वाचायला घरचा माणूस मिळाला. वीस वर्षं ऊसतोडीच्या टोळीवर मुकादमी केलेली, त्यामुळे राष्ट्र म्हणजे टोळी आणि पंतप्रधान म्हणजे मुकादम, असा त्यांचा सरळ हिशेब. कुठलं सरकार पडलं की पहिला प्रश्न, "टोळी कुनाच्या मागं गेली?"

नव्वद सालचा हिवाळा. इराकने कुवेत गिळलेला, सौदीत अमेरिका-इंग्लंडच्या फौजा जमलेल्या, आणि त्याच सौदीत मामांच्या लेकीचा, सुमनचा, ठरलेला नवरा ट्रक चालवत होता. लग्न धरावं की नाही, या काळजीने मामी वाळत चाललेली. आमच्या बौद्ध घरात मुहूर्त बघायचा नसतो, त्यामुळे तारीख सगळी मामांच्या मुठीत. अशात मी वाचलं, इंग्लंडची पंतप्रधानबाई गेली, नवा माणूस आला.

"मिटली लढाई!" मामांनी बशी खाली ठेवली. "नवा मुकादम पयल्या हंगामात भांडन काढत न्हाई. आदी आपली टोळी सांबाळतो."

"मामा, एवढं सोपं नसतं ते."

"तू बीए हाय, मी मुकादम हाय. लिव लग्नाची तारीक, जानेवारीअखेर."

पत्रिका छापल्या, जावयाला पत्र गेलं, मामी हसली. आणि जानेवारीतच बॉम्ब पडायला लागले. लग्न राहिलं बाजूला. टपरीवरचे टपलेलेच होते: "काय मुकादम, टोळी ऐकंना व्हय?" मामांनी दोन दिवस टोपी डोळ्यांवर ओढून काढले आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "चुकलं माजं. मुकादम बदलला, पर कारखान्याचा चेअरमन त्योच ऱ्हायला की! त्यो बसलाय अमेरिकेत." एवढं नेमकं आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनाही कधी सांगता आलं नव्हतं.

मात्र तेव्हापासून मामा पेपर घरीच वाचून घेत, तोही फक्त सौदीपुरता. सुमन दाराआड उभी असे.

लढाई थांबली, उन्हाळ्यात जावई धडधाकट परतला, जुन्याच पत्रिकांवर पेनाने नवी तारीख घालून लग्न दणक्यात लागलं. वरातीत मामा दुखरे गुडघे विसरून असे नाचले, की वाजवणारे थकले.

पुढे एकदा कुठल्याशा लांबच्या, लढाईत अडकलेल्या देशात नवा राष्ट्राध्यक्ष आल्याची बातमी मी वाचली आणि मामांच्या निकालासाठी थांबलो. मामांनी हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तितं आपलं कोन हाय का रं?"

"नाही, मामा."

"कोनाचं तरी आसंलच की. हळू वाच."