व्याह्यांच्या ओसरीवर नो-लिमिट

एसटी पनवेलच्या स्टँडात शिरली तेव्हा मी कानात इअरफोनची बोंडं घालून मोबाइलवर पोकरचा शेवटचा धडा ऐकत होतो. मुलीचं लग्न कुठं करायचं हे पत्त्यांवर ठरवायला निघालेला वधूपिता बहुधा मीच पहिला. मला पुण्यात, आटोपशीर, दोनशे माणसांत लग्न हवं होतं. व्याह्यांना त्यांच्या गावात, मांडव घालून. फोनवर बरीच ओढाताण झाल्यावर ते हसून म्हणाले, "रईवारी या. पत्त्यांवर ठरवू. नो-लिमिट." म्हणजे पुढ्यातलं सगळं केव्हाही लावायची मुभा. भोळी माणसं आहेत, असं म्हणून मी अभ्यासाला लागलो.

स्टँडाबाहेरच्या रिक्षावाल्याला उलव्याजवळच्या गावाचं नाव सांगितलं.

"कुनाकरं?"

मी व्याह्यांचं नाव घेतलं.

"मंग जेवून आलं असाल तं चुकलं तुमचं," तो म्हणाला.

वाटेत डंपरांची रांग, अर्धवट उभे टॉवर आणि सगळ्यांवर सारखीच बसलेली धूळ. उतरलो तेव्हा माझ्या पांढऱ्या शर्टाचाही विकास झाला होता.

बंगला तीन मजली, पण माणसं ओसरीवर चटईवरच. आधी जेवण. तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं (खाडीतला मोठा, चवदार मासा) कालवण. डावाआधी पोटभर खाऊ नये, असा धडा होता. विहीणबाईंनी मात्र न विचारताच तिसरी भाकरी ताटात टाकली.

मग पैशांऐवजी चिंचोके वाटले. समोर व्याही, विहीणबाई आणि व्याह्यांचे दोन भाऊ. धडा पहिला, वाईट पानं सोडून द्यावीत. मी सोडली, तर एका भावानं काळजीनं विचारलं, "तब्येत बरी हाय ना?" धडा दुसरा, समोरच्याचे चेहरे वाचावेत. चौघेही कुठल्याही पानांवर हसत होते. राहिला तिसरा धडा, थाप मारावी. हातात काही नसताना मी निम्मे चिंचोके ऐटीत पुढे सारले. आता सगळ्यांनी घाबरून पानं टाकायला हवी होती. चौघांनीही तेवढेच लावले. डाव विहीणबाईंनी नेला, दोन दुर्र्यांवर.

"पानं चांगली वाटली होती का तुम्हाला?" मी विचारलं.

"नाय, वंगालच होती."

"मग सोडली का नाहीत?"

"पावन्याला येकटं सोरून कसं चालंल? पंगतीतून मधीच उठतं का कुनी?"

जगभरच्या तज्ज्ञांनी या घराचा विचारच केला नव्हता.

शेवटच्या डावात लग्नाचा निकाल होता. मी जिंकलो तर पुणे, त्यांच्यापैकी कुणीही जिंकलं तर गाव. प्रत्येकाला दोन पानं, त्यांत मला सत्ती आणि दुर्री आली. याहून वाईट पानं नाहीत, असं मोबाइलवरच्या धड्यात ऐकलं होतं. पण मुलगी माझ्या ओळखीच्या रस्त्यावरून सासरी जावी, एवढंच मला हवं होतं. त्या हट्टापायी मी सगळे चिंचोके पुढे ढकलले. चौघेही अर्थातच बरोबर आले. सगळ्यांची सामाईक, मधली पाच पानं उलटली. त्यांत दोन सत्त्या निघाल्या. माझ्या तीन झाल्या, आणि मी जिंकलो.

"ठरला," व्याही माझ्यापेक्षा जास्त खूश होऊन म्हणाले. "लगीन पुन्याला."

"तुमच्याकडून साधारण कितीजण?" मी हळूच विचारलं.

विहीणबाईंना प्रश्नच कळेना. "कितीजन म्हंजे? आख्खा गाव. तुमाला येकटं सोरायचं काय तितं?"

परतीच्या एसटीत बायकोचा फोन आला.

"जिंकलात?"

"जिंकलो."

"मग आवाज असा का?"

काय सांगणार? आमच्या दोनशेतले निम्मे, बोलावलं नाही तर रागावतील म्हणून बोलावलेले. तिकडे कुणाला वगळायचं हा प्रश्नच नाही. खरं सांगतो, मला हेवा वाटला. आणि कित्येक महिन्यांपासून छातीवर बसलेलं एक ओझंही उतरलं. माझी मुलगी त्या घरात कधी एकटी पडणार नव्हती.

"कार्यालयाचं राहू दे," मी बायकोला म्हणालो. "एखादं मैदान बघ."