मोपेडवरून मोहोपाड्याला

शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी मोपेड शिकले. "आई, कर्जतभर लोक हसतायत," मुलगा म्हणाला. "हसू देत," मी म्हटलं, आणि एका सकाळी लहानपणच्या मैत्रिणींना भेटायला एकटीच निघाले.

लोधिवलीची मैत्रीण अंगणात भात वाळवत होती. मला बघून हातातलं सूप तिथंच टाकून उठली. "आगं, तू यावर बसून आलीस?" दुसरी मैत्रीण जवळच, मोहोपाड्याच्या कॉलनीत राहायची. पण हिला तिथं न्यायला घरात कुणाला वेळ नव्हता, म्हणून दोघींची कित्येक वर्षं भेट नव्हती.

"बस मागं," मी म्हटलं.

ओसरीवरून तिचा दीर ओरडला, "वयनी, या वयात शोभत नाय हां!"

"भावजी, भात तुमी राखा," असं म्हणून तिनं पदर खोचला आणि मागे बसली. चढावर मोपेड दमली, तेव्हा उतरून दोघींनी ढकलली.

मोहोपाड्याच्या मैत्रिणीची बोटं संधिवातानं वाकली होती, तरी तिनं आमचे हात घट्ट धरले. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "यावर तिघी मावतील का गं?"

"नाही. पण उद्या तुला न्यायला येते."

दुसऱ्या दिवशी खरंच गेले.