साठ ग्रेनची डबी

नव्या माणसाला सुभेदारमामा नाव विचारत नसत. हातात नळी साफ करायचा गज देत आणि म्हणत, "मोज." गजाच्या टोकाला घट्ट चिंधी बसवायची, तो नळीत सरकवायचा आणि स्वतःभोवती एक फेरा पुरा होईपर्यंत तो किती इंच आत गेला ते खडूच्या खुणेवरून बघायचं. रायफलीच्या नळीत स्क्रूसारखे आटे असतात, त्यांच्यामुळे गोळी फिरत जाते. आमच्या जुन्या पॉइंट टू-टू रायफलीचा फेरा सोळा इंचांचा, हे सगळ्या क्लबला पाठ होतं. तरी प्रत्येकानं मोजायचंच. मी पहिल्या दिवशी पंधरा सांगितले. मामांनी मला दुपारपर्यंत तोच गज ढकलायला लावला आणि स्वतः समोर बसून भाकरी खाल्ली.

आमची रेंज रामनगरच्या बाहेर, बंद पडलेल्या दगडखाणीत आहे. सैन्यातून निवृत्त झाल्यावर मामा तिथे उस्ताद म्हणून आले. घरी त्यांना करमत नसे, आणि ते घरी असले की घरच्यांनाही करमत नसे. गोळी निवडण्याबाबत त्यांचं एकच म्हणणं होतं. "तुला काय आवडतंय ते नगं सांगू. नळीला इचार." बेळगावहून कुणी महागाची काडतुसं मिरवत आला की ते त्याला पाच गोळ्या कागदावर मारायला लावत. पाची भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली नाहीत, तर ती डबी त्याच्या देखत कोपऱ्यात फेकत. एकाच कारखान्याच्या दोन खेपासुद्धा ते वेगळ्या ठेवत. जड गोळी लांब असते, तिला फिरकी जास्त लागते. जुन्या सोळा इंची नळीला चाळीस ग्रेन वजनाची गोळी मानवायची. साठ ग्रेनची गोळी होती ती नव्या, नऊ इंचांत फेरा घेणाऱ्या रायफलीसाठी. जुन्या नळीतून मारली तर ती डुगडुगत जाते आणि कागदात आडवी घुसते.

मामांची जीभ वाईट होती. शिव्या देत नसत, दिल्या असत्या तर परवडलं असतं. राज्याच्या ज्युनियर निवडीच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडून दोन खेपांची काडतुसं एकत्र झाली. नेमके त्याच दिवशी माझे बाबा जोयड्याकडच्या आमच्या गावाहून जीपने आले होते, मामांसाठी फणस घेऊन. मामांनी त्यांच्यासमोर यादीतलं माझं नाव खोडलं. "घरी न्या हिला. तांदूळ निवडंल, गोळी निवडायचं हिचं काम न्हाई." बाबा हसले. मोठ्या माणसापुढे हसायचं म्हणून हसले असतील, पण हसले. पुढच्या वर्षी माझं ज्युनियरचं वय उलटून गेलं. फणस मात्र मामांनी ठेवून घेतला.

तरी मी क्लब सोडला नाही. त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं. शिवाय चांगला नेम लागला की ते मान न वळवता "व्हय" म्हणत, आणि त्या एका शब्दासाठी मी दिवसभर तापल्या दगडावर पालथी पडून राहायची. माझा त्यांच्यावर जीव होता. राग तर त्याहून जास्त होता.

गोळीबाराआधी ते डबी पुढे करत. "वाच गे." मग वजन, खेप, सगळं मोठ्यानं वाचायचं. आधी ती आमची परीक्षा असे. पुढेपुढे माझ्या लक्षात आलं, की मामांना स्वतःलाच डबीवरचं बारीक अक्षर दिसत नाही. लांबचं काळं वर्तुळ दुर्बिणीतून स्वच्छ दिसायचं. चष्म्याचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे.

चार वर्षांपूर्वी, मामांचं वय झालं म्हणून, क्लबच्या कमिटीनं ठरवलं, की त्यांनी जुन्या रायफलीनं दोनशे मीटरवर दहा गोळ्या मारून दाखवाव्यात. सात कागदावर लागल्या तर उस्ताद तेच, नाहीतर मी. मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "ही? मग खाणीत म्हसरं बांधा."

त्या सकाळी त्यांनी कपाटातून डबी काढली आणि माझ्यापुढे धरली. "वाच गे."

दोन्ही वजनांच्या डब्या एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या. माझ्यासमोर होती ती साठची.

"चाळीस," मी म्हणाले. आवाज कापेल असं वाटलं होतं, कापला नाही.

मामांनी दहाच्या दहा झाडल्या. कागदावर लागल्या तीन, तिन्ही आडव्या. कमिटीतला एक जण हसून म्हणाला, "सुभेदार, आता नातवंडं खेळवा." मामा उठले, कोपरांची धूळ झटकली. "व्हय. माझीच चूक," म्हणाले. कपाटाची किल्ली माझ्या हातात न देता त्यांनी टेबलावर ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा मी भेटायला गेले. मामी चहा ठेवून आत गेल्या. मामा छपराकडे बघत म्हणाले, "तिसरं काडतूस भरताना अंगठ्याला कळलं. गोळी लांब लागली."

"मग थांबला का नाही, मामा?"

"थांबून काय सांगू चारचौघांत? मला वाचाय दिसत न्हाई म्हणून? का मी शिकवलेली पोरगी लबाड हाय म्हणून? त्यापरीस नेम चुकलेला बरा."

मी त्यांचे पाय धरले. "माफ करा मला."

"न्हाई," ते म्हणाले. "चहा पी. गार व्हतोय."

मी चहा प्यायले. दुसरं काय करणार होते?

ते गेल्याचं मला तीन दिवसांनी बाजारात कळलं. तशीच धावत त्यांच्या घरी गेले. मामी दारातच उभ्या होत्या. मी विचारलं, "मला का कळवलं नाही, मामी?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तेच म्हणाले व्हते, बाय. तिला कळवू नगा."